झालं समजा

मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते. इतकी वर्षं फळ्यावर समुद्र काढतेय की निळ्या खडूंची पेटी शाळा माझ्यासाठी वेगळी मागवते. खंडान्त उतार, सागरी गर्ता, प्रवाळ, सगळं तोंडपाठ. प्रत्यक्षात मात्र समुद्रात घोट्याच्या वर कधी गेले नव्हते. पन्नाशी उलटली तेव्हा ठरवलं, निवृत्त व्हायच्या आधी एकदा समुद्राच्या आत जाऊन यायचं. कोणीतरी मानगूट धरून फोटोपुरतं फिरवून आणतं तसं नाही. रीतसर शिकून, परीक्षा देऊन, स्कूबाचं पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट घेऊन. पोहायला मला येतं. सकाळी टँकवर बायकांच्या बॅचला जाते, आणि बाकीच्या कठड्याला धरून सुनांबद्दल बोलत असतात तेव्हा मी खरोखर पोहते.

हे मी घरी बोलून दाखवलं आणि तिथेच फसले.

आमचे हे, म्हणजे माधव, विमा कंपनीतून निवृत्त झालेत. त्यांचे थोरले बंधू दिगंबरभावजी समोरच्याच इमारतीत राहतात. एका कॉलेजच्या ऑफिसात आयुष्यभर लोकांचे अर्ज परत पाठवून तेही निवृत्त झालेत. दोघांचा छंद एकच, चौकशी. आमच्याकडे कुकर घ्यायचा तरी दोन महिने चौकशी चालते आणि तोवर जुन्या कुकरची शिट्टी धरून मी उभी असते. घराण्यातल्या सगळ्या पुतण्या-भाच्यांची लग्नं ह्या दोघांनी चौकशी करून जमवली. बहुतेक टिकली. जी टिकली नाहीत तिथे दोष चौकशीचा नव्हता. 'मुलाने माहिती लपवली,' असं भावजी म्हणतात, आणि विषय मिटतो.

"शिकवणारा नीट बघून घ्यायला हवा," हे म्हणाले. "शेवटी श्वासाचा प्रश्न आहे."

हे वाक्य बरोबर होतं, म्हणून मला बरं वाटलं. पुढचं वाक्य होतं, "रविवारी एकेकाला घरी बोलावू. पोहे कर."

"घरी कशाला? आपण त्यांच्या दुकानात जाऊन सामान बघू ना."

"सामान सगळीकडे सारखंच असतं. माणूस चहा कसा पितो त्यावरून कळतो," भावजी म्हणाले.

"तो मला समुद्राखाली चहा पाजणार नाहीये, भावजी."

"तू मधे बोलू नकोस, उल्का," हे म्हणाले. आणि त्याच दमात त्यांनी जाहीर केलं की कोर्स तेही करणार. कुठल्याशा माहितीपत्रकात त्यांनी वाचलं होतं की पाण्याखाली प्रत्येकाला एक जोडीदार असतो. एकाची हवा संपली तर दुसऱ्याने द्यायची, एक घाबरला तर दुसऱ्याने सावरायचं. बायकोने परक्या जोडीदाराबरोबर पाण्याखाली जाणं भावजींना प्रशस्त वाटत नव्हतं.

"तुम्हाला पोहता येतं?" मी विचारलं.

"लहानपणी कॅनॉलवर काय करायचो मग आम्ही? सायकल आणि पोहणं माणूस विसरत नाही."

संसारात मी ह्यांना बादलीपेक्षा खोल पाण्यात कधी पाहिलं नव्हतं. पण सायकल चालवताना पाहिलं होतं, म्हणून गप्प बसले.

पहिलं स्थळ विश्रांतवाडीचं. नौदलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. ते फोनवरच म्हणाले की मी कोणाच्या घरी दाखवून घ्यायला येत नाही, शिकायचं असेल तर टँकवर या. भावजींनी त्यांना उद्धट म्हणून बाद केलं. आमच्या पुण्यात उद्धटपणाला मान आहे, पण तो आपण करायचा असतो. समोरच्याने केला की ते संस्कार नसण्याचं लक्षण.

दुसरी आली वारज्याची शालू बराटे. तिशीतली, उन्हाने रापलेली, दंड माझ्या मांडीएवढे. ती आली ती पोह्यांसाठी नव्हे. कोथरूडात कोणाकडे तरी पाण्याखालच्या हवेचे सिलिंडर पोचवायचे होते, वाटेत थांबली होती. गाडी तिने भावजींच्या स्कूटरच्या मागे लावली, तिथेच तिचे निम्मे गुण गेले.

"वडील काय करतात?" भावजींनी सुरुवात केली.

"सर्जेराव बराटे. काय न्हाई करत. जमिनीवर बिल्डिंगा उभ्या हायेत, भाडं येतं."

"तुम्ही पोहायला कुठे शिकलात?"

"विहिरीत. चुलत्यानं कमरेला दोर बांधून ढकललं. पुढं अंदमानात शिकले आन् तिथंच चार वर्षं शिकवलं." तिने पोह्यांची बशी बाजूला ठेवली आणि थेट माझ्याकडे वळली. "काकू, शिकायचं तुम्हाला हाय ना? मग तुम्ही सांगा. दमा? फिट्स? कानाचं काही? बीपीची गोळी?"

भावजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आजवर ह्या दिवाणखान्यात प्रश्न त्यांनीच विचारले होते. पहिल्याच भेटीत आजारपणं काढायची म्हणजे काय!

"कोर्स किती दिवसांचा?" ह्यांनी विचारलं.

"चार दिवस. जमलं न्हाई तर सहा. तरी न्हाई जमलं तर न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे नापास. मागच्या हंगामात तिघांना परत पाठवलं. आधी तुम्ही दोघं तलावात पोहून दाखवायचं, मग थोडा वेळ नुसतं तरंगून दाखवायचं. मग बोलू. आन् एका वेळी मी दोघांनाच घेते, लई तर तिघं. मला डोळे दोनच हायेत."

ती गेल्यावर निकाल लागायला वेळ लागला नाही. दुकानाचं नाव 'बुडी' आहे, हे भावजींना अशुभ वाटलं. वारजे लांब वाटलं, ते आमच्या घरापासून एका पुलाच्या अंतरावर आहे. आणि ह्यांनी निर्णायक मुद्दा मांडला, "जी मुलांना नापास करते तिला शिकवता येत नाही, सरळ आहे."

हे वाक्य मी शाळेत दर जूनमध्ये ऐकते. पालक माझ्यासमोर बसून मला ऐकवतात. नवऱ्याच्या तोंडून ऐकताना ते जास्त लागलं. तरीही मी भांडले नाही, कारण मनातून मलाही त्या बाईची धास्ती वाटली होती. मला शिकवणारे मिळाले होते ते सगळे मेलेले किंवा प्रेमळ. मला कोणी नापास करू शकेल ही शक्यता फार वर्षांत समोर आली नव्हती.

तिसरे श्रीनिवास सर. आमच्याच डहाणूकर कॉलनीतले, दोन गल्ल्या पलीकडचे. त्यांनी चपला नीट जोडीने काढल्या. पोह्यांना "खोबरं अगदी बेताचं" म्हणाले. आधी ते अकरावी-बारावीचे क्लासेस घेत असत, मग समुद्राकडे वळले. भावजींच्या एका मामेबहिणीला ते ओळखत होते.

"निकाल कसा आहे?" ह्यांनी विचारलं.

"शंभर टक्के. आमच्याकडे आजवर कोणी नापास झालेला नाही. दोन शनिवार-रविवार टँक, एक शनिवार-रविवार कोकण, सर्टिफिकेट हातात. लेखी परीक्षेला येणारे प्रश्न आम्ही आधीच देतो, उत्तरांसकट."

"पोहून दाखवायचं असतं ना आधी?" मी विचारलं.

"पोहता येतं ना?" सरांनी ह्यांना विचारलं.

"लहानपणी कॅनॉलमध्ये," हे म्हणाले.

"वा! मग झालं समजा."

त्याच संध्याकाळी ह्यांनी दोघांची फी भरली.

टँकवर आम्ही आठ जण होतो आणि सर एक. सर काठावर खुर्चीत बसून सूचना देत. पाण्याखाली तोंडातल्या नळीने श्वास घ्यायचा हे मला लगेच जमलं. आणि हो, आवडलंसुद्धा. आपलाच श्वास इतका मोठ्याने ऐकू येतो आणि दुसरं कोणी बोलत नाही, हे सुख माझ्या घरात मला कधीच मिळालेलं नाही.

अडलं ते मास्कपाशी. डोळ्यांवरच्या मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि पाण्याखालीच मान वर करून नाकाने फुंकून ते बाहेर काढायचं. समुद्रात मास्क कधीही गळतो, त्यामुळे ह्याला पर्याय नाही. मी पाणी आत घेतलं, ते नाकात गेलं आणि मी ठसकत उभी राहिले. पाणी कमरेएवढंच होतं म्हणून ठीक. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

"राहू द्या मॅडम," सर खुर्चीतून म्हणाले. "झालं समजा."

"नाही झालं, सर."

"समुद्रात कोणी विचारत नाही हो हे. ऑप्शनला टाका."

आमचे हे तोवर उथळ कोपऱ्यात होते. अंगातल्या जाकिटात हवा भरून बुचासारखे तरंगत होते. तळाशी म्हणून ते गेलेच नाहीत. त्यांचंही झालं समजलं गेलं.

कोकणात समुद्र गढूळ होता. होडीच्या नांगराचा दोर धरून सर आम्हाला दोन-दोन करून, एकामागून एक खाली उतरवत होते. जोडीदार म्हणून मला अर्थात हेच. दोन पुरुष खोल गेलो असू. एक पिवळा मासा माझ्या नाकासमोरून गेला, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि मला वाटलं, चला, आलो बाई एकदाचे. मग मास्क गळायला लागला.

आधी डोळ्यांपर्यंत, मग नाकात. काय करायचं ते पाठ होतं. उत्तरांसकट पाठ होतं. पण हात काही हलेनात. मी ह्यांच्याकडे वळले. ह्यांनी दोराला दोन्ही हातांनी, दोन्ही पायांनी मिठी मारली होती आणि डोळे घट्ट मिटले होते. सर पाठमोरे, आता दुसऱ्या जोडीचा फोटो काढत होते. श्वास रोखून वर पळायचं नाही हा ह्या विद्येचा पहिला नियम. मी श्वास रोखला आणि वर पळाले.

होडीच्या कडेला धरून मी किती वेळ खोकत होते कोणास ठाऊक. सर वर आले आणि म्हणाले, "मॅडम, माशाबरोबरचा तुमचा फोटो फर्स्ट क्लास आलाय."

सर्टिफिकेटं आली. ह्यांनी दोन्ही मोठी करून, फ्रेम करून दिवाणखान्यात लावली. पुढच्या आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. दुसऱ्या कुठल्याशा दहावीच्या क्लासेसच्या गुणवंतांशेजारी आमचे दोघांचे फोटो. 'यशस्वी पाणबुडे' आणि खाली, 'निकालाची परंपरा कायम'.

त्या फ्लेक्सखाली भाजी घेताना मला एका विद्यार्थिनीची आई भेटली. तिच्या मुलीला मी सहामाहीत नकाशात नापास केलं होतं. ती अगदी कौतुकाने म्हणाली, "बाई, आमची पोर कृष्णेच्या जागी भीमा दाखवते तर तुम्ही अर्धा मार्कही देत नाही. तुम्ही स्वतः मात्र कशा पटकन पास झालात!"

मला भर चौकात रडू येईल असं वाटलं. राग त्या बाईचा नव्हता. ती खोटं काहीच बोलली नव्हती.

मी तडक श्रीनिवास सरांकडे गेले आणि म्हटलं, माझा फोटो काढा आणि मला मास्क पुन्हा शिकवा. सर हसले. "मॅडम, पास झालेल्याला पुन्हा कसं शिकवणार? आणि फोटोचं म्हणाल तर नवी बॅच आली की त्यावर नवा फ्लेक्स चढेलच."

मग मी वारज्याला फोन केला. तो मात्र घरी विचारून केला नाही. तरी हे बरोबर आलेच. "ती तुला नापास करेल," वाटेत ते सारखे म्हणत होते. "पास झालेल्या परीक्षेला पुन्हा बसून नापास होणारी तू पुण्यातली पहिली ठरशील."

'बुडी'मध्ये पोहे नव्हते. काळे पोशाख हँगरला वाळत होते. शालूने एक सिलिंडर आडवा करून त्यावर ठोकलेली तपासणीची तारीख मला दाखवली. "हे आधी बगायचं, काकू. मग माणूस. कोकणात बगितली होती?" मी नाही म्हटलं. समुद्रातलं सगळं सांगितलं. श्वास रोखून वर आले, हे ऐकल्यावर तिचं तोंड उतरलं.

"एवढ्याशा खोलीत पण फुप्फुस फाटतं," ती म्हणाली. "जोडीदार काय करत होता?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे सिलिंडरवरची तारीख फार लक्ष देऊन वाचत होते.

"चला तलावावर. दोघं पण," शालू म्हणाली. "आधी पोहून दाखवायचं."

"माझं झालेलं आहे," हे म्हणाले.

"माझ्याकडं न्हाई झालं."

मी पोहले. आठ फेऱ्या, तिच्या नजरेखाली, आयुष्यात इतकी नीट कधी पोहले नसेन. वर पाहते तर हे अजून काठावरच. पोहण्याचा पोशाख घातलेला, खांद्यावर टॉवेल, टॉवेलाची दोन्ही टोकं मुठीत.

"काका, या."

हे खाली बसले. पाय पाण्यात सोडले आणि लगेच वर घेतले.

"उल्का," ते म्हणाले. आवाज इतका लहान की मला जवळ जावं लागलं. "कॅनॉलवर सगळी मुलं उड्या मारायची. मी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचो."

"तुम्हाला पोहता येत नाही?"

"नाही."

"भावजींना माहीत आहे हे?"

"दादाला माहीत आहे. तो म्हणाला, सर गॅरंटी देतायत तर सांगायची गरज काय."

मुलाने माहिती लपवली होती, आणि चौकशी समितीवर मुलगाच बसला होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आधी संताप आला, मग कोकण आठवलं. त्या गढूळ पाण्यात हा माणूस दोराला चिकटून होता, तो दोर सुटला असता तर? आणि मी ज्याच्याकडे मदतीसाठी वळले होते तो माझ्याआधी बुडाला असता. मला दोघांना वाचवता आलं नसतं, मला एकटीलाही वाचवता येत नव्हतं.

"मग आलात कशाला?" मी ओरडले. तलावावरच्या सगळ्यांनी ऐकलं असेल.

"तू जाणारच होतीस," हे म्हणाले. "तू खाली असताना मी काठावर कपडे सांभाळत बसायचं, ते मला सोसवेना."

इतक्या वर्षांत ह्यांनी केलेली ही एकमेव गोष्ट, जिची आधी चौकशी केली नव्हती.

"त्या सरांनी विचारलं न्हाई, पोहता येतं का म्हणून?" शालूने विचारलं.

"विचारलं ना. ह्यांनी कॅनॉल सांगितला."

"मग?"

"मग सर म्हणाले, झालं समजा."

शालूने ह्यांचा टॉवेल काढून घेतला, घडी करून बाकावर ठेवला आणि त्यांना हाताला धरून उथळ कोपऱ्यात उतरवलं.

ती मला नापास करणार हे ह्यांचं भाकीत खरं ठरलं. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा नापास होऊन आले त्या दिवशी मी चितळ्यांकडे पेढ्यांना न जाता सरळ घरी आले आणि भिंतीवरची माझी फ्रेम काढून कपाटात टाकली. भावजी म्हणाले, "भिंत ओकीबोकी दिसते." मी म्हटलं, तुम्ही तुमचा फोटो लावा. आठवडाभर त्यांनी आमच्याकडे चहा घेतला नाही. माझी फ्रेम काढल्याच्या दुसऱ्याच दिवशी पाहिलं तर ह्यांची फ्रेमही जागेवर नव्हती. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. चौकातला फ्लेक्स मात्र अजून आहे, नवी बॅच अजून मिळालेली दिसत नाही.

मास्क मला दिवाळीनंतर जमला. तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसून मी तो पूर्ण भरला, मान वर केली, नाकाने फुंकलं, आणि पाणी गेलं. समोर शालू स्पष्ट दिसली. तिने आणखी एकदा करायला लावलं. मग मास्क पूर्ण काढून पुन्हा घालायला लावला. वर आल्यावर ती फक्त "झालं" म्हणाली आणि सिलिंडर आवरायला लागली. गेल्या कित्येक वर्षांत मला कोणी इतकं मोठं काही दिलेलं नाही.

तेवढ्यात उथळ कोपऱ्यातून हाक आली. हे कठड्याला एका हाताने धरून, दुसरा हात अभिमानाने हवेत ठेवून, पाय झाडत होते. आजूबाजूला सुट्टीतली पोरं सूर मारत होती आणि त्यांचं पाणी ह्यांच्या चष्म्यावर उडत होतं. हो, चष्मा घालूनच.

"उल्का, बघ! एक हात सुटला!" ते ओरडले. "झालं समजायचं का?"

मी मास्क कपाळावर चढवला.

"नाही," मी म्हटलं. "दुसरा सोडा. मी आहे."